पडायची शिकवणी

आमचे घरमालक दर रविवारी सकाळी साडेसहाला मोटरसायकलवरून पडतात. तोल जाऊन नव्हे, ठरवून. आधी दोन पँटी एकावर एक चढवतात, कोपरांना जुन्या रजईचे तुकडे बांधतात, हेल्मेटचा बंद दोनदा ओढून बघतात, आणि मग घरासमोरच्या रिकाम्या प्लॉटवर पसरलेल्या लाकडाच्या भुशात गाडीसकट डाव्या अंगावर आडवे होतात. उठतात, कपडे झटकतात, गाडी उभी करतात आणि पुन्हा पडतात. असं सहा वेळा. मग आंघोळ करून इडली खातात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला येऊन मला तीनच दिवस झाले होते. येलहंक्यातल्या या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता आणि मी गॅलरीत चहा पीत उभा होतो. समोर आपले घरमालक, वय वर्षं एकोणसत्तर, गाडीखाली पडलेले दिसले. कप हातातून सुटला. मी अनवाणीच जिना उतरून धावत गेलो आणि त्यांचा दंड धरून उठवायला लागलो. त्यांनी भुशातून मान वर केली आणि अगदी शांतपणे सांगितलं, "मधी येऊ नको बा. अजून चार राहिल्यात."

त्यांचं नाव खंडोजीराव, पण सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी टिकून आहे, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की साखर कमी घालायची असली तर ते 'स्वल्प घाल' म्हणतात आणि एखादी गोष्ट पटली की 'सरी' म्हणून मोकळे होतात. मला त्यांनी आजवर नावाने हाक मारलेली नाही. "काय रे पुणे," म्हणतात. माझ्या बायकोला मात्र नावाने हाक मारतात, आदराने.

अडतीस वर्षं त्यांनी विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या. गाडी आपटली की मालक विम्याचा दावा करतो, मग अण्णांसारखा सर्व्हेअर वर्कशॉपमध्ये जाऊन काय मोडलंय, काय आधीपासूनच मोडलेलं होतं आणि मालक किती खोटं बोलतोय, ते लिहून देतो. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण नजर निवृत्त झालेली नाही. माझ्या गाडीच्या डाव्या अंगाला ओरखडे होते. 'पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकली,' असं मी बायकोला सांगितलं होतं आणि तिने ते मानलंही होतं. आम्ही राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात अण्णा त्या गाडीपाशी उकिडवे बसले. ओरखड्यांवरून बोट फिरवलं, फूटरेस्ट हलवून पाहिला, हँडलच्या टोकाचं रबर चष्मा वर करून निरखलं. बायको शेजारीच उभी होती.

"उभी गाडी अशी खरवडत नाही," ते म्हणाले. "हे ओरखडे मागं ओढलेत. गाडी चालती होती, पंचवीसच्या आसपास. रस्ता ओला. आणि डावा हात हँडलवर नव्हता. फोन होता काय?"

मी बायकोकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. त्या दिवसापासून आमच्या घरात अण्णांचा शब्द प्रमाण आणि माझा शब्द तपासून घ्यायचा, असा नियम झाला.

दुसरी खोड हेल्मेटची. सिग्नलला शेजारच्या माणसाचा हेल्मेटचा बंद मोकळा लोंबताना दिसला की त्यांना राहवत नाही. ते हात लांब करून तो लावून टाकतात. विचारत वगैरे नाहीत. हेब्बाळच्या सिग्नलला एकदा त्यांनी एका चांगल्या दांडग्या गृहस्थाच्या गळ्याशी असा हात घातला. मी शेजारच्या गाडीवर होतो. आता हा माणूस उतरून अण्णांना उचलून आपटणार, अशी माझी खात्री होती. त्यालाही वाटलं असणार की कुणीतरी गळा दाबतंय. तो तोंड उघडणार तेवढ्यात टक् असा आवाज झाला. "आलं बघ," अण्णा समाधानाने म्हणाले, "आता जा." सिग्नल सुटला. तो पुढे गेल्यावरही दोनदा मागे वळून बघत होता, आणि अण्णा त्याला, "पुढं बघ बा, पुढं," असं ओरडून सांगत होते.

पण मुख्य विषय पडण्याचा. भाडेकराराच्या तिसऱ्या पानावर एक अट होती, ती मी वाचलीच नव्हती. आपण कागद नीट वाचतो, असा पुणेकर म्हणून माझा समज होता. अट अशी की, भाडेकरू दुचाकी वापरत असल्यास त्याने घरमालकाकडून पडण्याचं शिक्षण घेतलं पाहिजे. मी थक्क होऊन करार हातात घेऊनच खाली गेलो.

"पोहता येत नसताना तळ्यात उतरतोस काय?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"मग पडता येत नसताना रस्त्यावर का उतरतोस? चालवायला सगळे शिकतात रे. पडायला कोण शिकतो?"

आमच्या ऑफिसात दिवसाला सात मीटिंगा होतात, पण इतका बिनतोड मुद्दा एकीतही निघत नाही. पुढच्या रविवारी मी दोन पँटी घालून भुशात उभा होतो आणि बायको गॅलरीत चहा पीत होती.

पहिल्यांदा पडलो तेव्हा मी साहजिकच हात टेकला. अण्णा वर उभे राहून म्हणाले, "मनगट गेलं. सहा आठवडे प्लास्टर." दुसऱ्यांदा हात आवळून घेतला. "मान सैल सोडलीस. आता तू नाहीसच." तिसऱ्यांदाही मी मेलोच. चौथ्यांदा नुसती नडगी फुटली असं जाहीर झालं, तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली, आणि खरं सांगतो, बढती मिळाली तेव्हासुद्धा मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

स्वतः अण्णांचा अभ्यासक्रम वरच्या वर्गातला होता. ते मागच्या सीटवर एक गोणी ठेवून ती रुंद पट्ट्याने आपल्या कमरेला बांधत. वाळू आणि रेक्झिनची कातरण भरलेली, चांगली माणसाएवढ्या वजनाची. गोणीला एक जुना शर्ट घातलेला आणि शर्टाच्या खिशात दोन कच्ची अंडी. पडताना चालवणाऱ्याने आधी जमिनीवर जायचं, गोणी त्याच्या अंगावर यायला हवी आणि अंडी शाबूत राहायला हवीत. "अंडं फुटलं म्हणजे मागचा फुटला," असं त्यांचं गणित. कोपऱ्यावरचा दुकानदार शनिवारी संध्याकाळी दोन अंडी आठवणीने बाजूला काढून ठेवतो. मागचा कोण, हे मी कधी विचारलं नाही. वेडाला कारण विचारू नये, असं मला तेव्हा वाटायचं.

मग गेल्या महिन्यात अण्णांची कंबर दुखली, फोटो काढला आणि डॉक्टरांनी सांगितलं की हाडं खडूसारखी झालीत. एकदा नीट पडलात तर पुन्हा उठायचं नाव नाही.

"नीट पडलो तर काही होत नाही डॉक्टर," अण्णा म्हणाले, "वाईट पडलो तर होतंय."

मी त्यांच्यासोबत गेलो होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघितलं. आणि रविवारी साडेसहाला अण्णा पुन्हा भुशात.

आता मात्र माझा धीर सुटला. मी गॅलरीतून त्यांच्या पडण्याचा व्हिडिओ काढला आणि त्यांच्या मुलीला पाठवला. ललिताक्का मैसूरला शाळेत शिकवतात. आई गेल्यापासून वडिलांना रोज सकाळी न चुकता फोन करतात, आणि वडील रोज 'सगळं सरी' एवढंच सांगतात. त्यांचा मला लगेच फोन आला. त्या म्हणाल्या, "मी शनिवारी येते. ती गाडी विकून टाकायची. तोवर माझं एक काम करा. दर गुरुवारी दुपारी अप्पा फोन बंद करून कुठेतरी जातात. कुठे जातात ते बघा. मला विचारायची भीती वाटते."

गुरुवारी मी घरून काम करतो, म्हणजे वेळ असतो. दोन वाजता अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि मी मागोमाग निघालो. अण्णा तीसच्या वर जात नाहीत, त्यामुळे त्यांचा पाठलाग करणं महाकठीण. मला सायकलवाल्यांनी मागे टाकलं. एका बसवाल्याने मला कन्नडमध्ये जे ऐकवलं ते कळलं नाही म्हणून बरं. येलहंक्याहून हेब्बाळ, तिथून आत शिवाजीनगर, पुण्यातलं नव्हे, इथलं. अण्णा एका अरुंद गल्लीत वळले. तिथे गाड्यांच्या सीट शिवणाऱ्यांची दुकानं आहेत. मी कोपऱ्यावर थांबलो.

एका दुकानात पंचावन्न-साठीचे एक गृहस्थ बुटक्या स्टुलावर बसून रेक्झिन कापत होते. अण्णांना बघताच त्यांनी कात्री ठेवली, हात पुसले आणि डोक्यावर हेल्मेट चढवलं. मग अण्णांनी त्यांना काखेत हात घालून उचललं. तेव्हा मला दिसलं, त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता आणि उजवा नुसता लोंबत होता. शेजारच्या दुकानदाराने गाडी धरली. अण्णांनी त्यांना मागच्या सीटवर बसवलं, उजवं पाऊल फूटरेस्टला बांधलं, पुढे स्वतः बसले आणि तो रुंद पट्टा दोघांच्या कमरेभोवती आवळून घेतला.

खडूची हाडं असलेला एक म्हातारा, त्याच्या मागे पाय नसलेला एक माणूस, आणि समोर शिवाजीनगरच्या बस स्टँडची तोबा गर्दी. त्यातून ते दोघे निघाले, तीसच्या वेगाने. मी देवाचं नाव घेत मागे राहिलो. ते थांबले थेट येलहंक्याला, हवाई दलाच्या तळाच्या कुंपणाबाहेर, एका नारळपाणीवाल्यापाशी. तिथून विमानं उडताना दिसतात.

मी झाडाआड गाडी लावत होतो, तेवढ्यात मागे न बघताच अण्णा म्हणाले, "ये पुढं, पुणे. हेब्बाळच्या पुलावर इंडिकेटर न देता दोनदा लेन बदललीस."

मी खालमानेने पुढे गेलो. त्या गृहस्थांनी हसून मला सलाम केला, नाव सय्यद सांगितलं आणि पुन्हा मान वर करून विमान शोधू लागले. त्यांना मराठी येत नाही, म्हणून अण्णांनी त्यांच्यासमोरच मला सगळं सांगितलं.

वीस-बावीस वर्षांपूर्वी यशवंतपूरला लॉरीने सय्यदभाईंना उडवलं. ते इस्पितळात होते आणि गाडी वर्कशॉपमध्ये. गाडी तपासायला गेले अण्णा. सय्यदभाईंची बायको गाडीचे कागद घेऊन तिथे उभी होती. अण्णांनी गाडी फिरून पाहिली, टाकीवर हात ठेवला आणि तिला धीर द्यायला म्हणून म्हणाले, "इसकू कुछ नै हुआ अम्मा. आठ दिन में दौडेगी." मग रिपोर्ट लिहिला आणि पुढच्या गाडीकडे गेले.

"दौडली पण," अण्णा म्हणाले. "बरोबर आठव्या दिवशी. माझा अंदाज चुकत नव्हता बा. आमच्या फॉर्मात टाकीचा रकाना, हँडलचा रकाना, चाकाचा रकाना. माणसाचा रकानाच नव्हता. वर बसलेला कुठं गेला, हे मी अडतीस वर्षांत एकदा पण विचारलं नाही."

निवृत्तीनंतर सीट शिवून घ्यायला ते सहज त्या दुकानात गेले. सय्यदभाईंच्या बायकोने ओळखलं. रागावली नाही, चहा दिला आणि ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"मी सय्यदला म्हटलं, माझ्याकडून होईल ते माग. तो म्हणाला, गाडीवर बसायचंय. रिक्षात सगळे बसवतात, गाडीवर कुणी बसवत नाही. सरी म्हटलं. मग घाबरलो. मी चालवीन, पण पडलो तर? तेव्हापासून शिकतोय. आम्ही पडलोच तर तो माझ्यावर पडला पाहिजे."

आठ वर्षं हा माणूस त्यासाठी पडत होता, आणि मी गॅलरीतून त्याचा व्हिडिओ काढला होता. मी केलेली चहाडी तिथेच कबूल केली. अण्णा म्हणाले, "ठाऊक आहे. ललितानं फोन केला होता. तिची भीती खोटी नाही." मग सय्यदभाईंकडे बघून आवाज उगाचच खाली आणत म्हणाले, "गुरुवार बंद, हे ह्याला कसं सांगू, ते तेवढं सुचत नाही." एवढ्यात एक विमान उडालं आणि सय्यदभाई लहान मुलासारखे हसले.

शनिवारी ललिताक्का आल्या. अण्णांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि आत जाऊन बसले. मग मीच तोंड उघडलं. ललिताक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला वाटलं होतं, एखादी बाई असेल," त्या म्हणाल्या. "त्याची मी तयारी पण केली होती मनाची."

नंतर रडल्या. मग डोळे पुसून एकदम शाळेतल्या बाई झाल्या. अप्पांनी आता मागे कुणालाही बसवायचं नाही, यात बदल नाही. गुरुवार मात्र बंद करायचा नाही. मग नेणार कोण? "तुम्ही," त्या मला म्हणाल्या. "व्हिडिओ तुम्हीच पाठवलात ना?" किल्ली माझ्या हातात आली. माझी बायकोसुद्धा मान डोलवत होती. आतून अण्णांचा आवाज आला, "नेऊ दे. पण परीक्षा घेतल्याशिवाय नाही."

परीक्षा रविवारी साडेसहाला. अण्णांनी आणखी चार पोती भुसा आणून थर दुप्पट जाड केला होता. गाडी बंद, जागच्या जागी उभी. ललिताक्का देवळात गेल्या होत्या आणि त्या परत यायच्या आत उरकायची अण्णांना घाई होती. का, ते मला लगेच कळलं. त्यांनी गोणीला हात लावला नाही. हेल्मेट घालून स्वतःच माझ्या मागे चढले आणि पट्टा दोघांच्या कमरेभोवती आवळला.

"अण्णा, उतरा. डॉक्टर काय म्हणाले?"

"गोणीला भीती वाटत नाही रे. भीती वाटणारा माणूस घेऊन पडता आलं पाहिजे. त्याशिवाय मी सय्यदला तुझ्या ताब्यात देणार नाही."

मी हट्टाने बसून राहिलो. तेही बसून राहिले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की गाडी थरथरतेय. इंजिन तर बंद होतं. मी मान वळवली. अण्णांनी मागची दांडी दोन्ही हातांनी अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती.

"मी कधी कुणाच्या मागं बसलो नाही," ते हळूच म्हणाले. "पुढचं काही दिसत नाही. तुझी पाठ तेवढी दिसते. सय्यदचे हात पण दर गुरुवारी असेच कापत असतील, नाही? मी ताकीद देऊन ठेवलीय त्याला. दांडी सोडायची नाही."

"ते दांडी धरत नाहीत, अण्णा."

"काय?"

"मी शिवाजीनगरपासून तुमच्या मागे होतो. सगळा रस्ता त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. बसच्या गर्दीत, हेब्बाळच्या पुलावर, सगळीकडे."

या घरात धक्के खायचं काम आजवर माझ्याकडे होतं. अण्णा आधी भडकले. "अक्कल आहे काय त्याला? पहिला नियम मोडतो. येत्या गुरुवारी विचारतो." मी पुढे बघत बसलो. गल्लीत कुणीतरी अंगण झाडत होतं, तेवढा आवाज येत होता.

"माझ्या मागं," मग ते म्हणाले. "माझ्या मागं असा बसतो?"

"हो."

गाडी थरथरायची थांबली. मी वळून बघितलं. त्यांनी दांडी सोडली होती आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवले होते. डोळ्यांतून पाणी चष्म्याखालून गालावर येत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही.

"पाड," ते म्हणाले.

मी डावीकडे झुकलो. भुसा नाकातोंडात गेला आणि मागोमाग अण्णा सगळ्या वजनासह माझ्या अंगावर आले. त्यांचे हात मांडीवरच होते.